गुरुवारचं प्रस्थान

१

शिल्पा सापडली ती गुरुवारी दिवस कलताना, आखाड्यावरच्या, म्हणजे शेतघराजवळच्या विहिरीत. धाकट्या दिराचा जेवणाचा डबा घेऊन ती शेतात गेली होती. डबा विहिरीच्या काठावर होता, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. कपाळावर जखम होती. लातूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की जखम पाण्यात पडायच्या आधीची आहे.

चाकूरच्या पोलिसांनी त्याच दिवशी धाकट्या दिराला, बजरंगला उचललं. सकाळी त्याचं आणि शिल्पाचं दारातच भांडण झालं होतं. "तोंड आवर, न्हाईतर बघ," असं तो म्हणाल्याचं अर्ध्या गल्लीनं ऐकलं होतं. आणि डबा त्याच्यासाठीच चालला होता. पोलिसांना आणखी काही शोधायची गरज वाटली नाही.

हे सगळं अण्णारावनं व्यंकटी सोनकांबळेच्या नांदेडच्या घरी येऊन सांगितलं. अण्णाराव शिल्पाचा बाप. व्यंकटी पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेला. नोकरीच्या सुरुवातीला रेणापूर ठाण्यात असताना तो अण्णारावच्या घरात भाड्यानं राहायचा. शिल्पा तेव्हा परकर नेसायची आणि त्याला जमादारकाका म्हणायची. तिच्या मातीला मात्र व्यंकटी गेला नव्हता. त्याची बायको सुमनबाई पोळ्याच्या सुमारास वारली होती. तेव्हापासून तो कुणाच्याच मातीला जात नव्हता.

अण्णाराव तपास करा म्हणून आला नव्हता. त्याची दोन कामं होती. एक, बजरंगला जामीन मिळू नये म्हणून ओळखीत शब्द टाकावा. दुसरं, रविवारी रेणापूरला यावं. शिल्पाची पाच वर्षांची मुलगी रेणुका आईच्या मातीपासून आजोबांकडं होती. रविवारी तिचा बाप सत्यम तिला कायमचं हैदराबादला घेऊन जाणार होता.

"तिला गाडीत बसवायची माझ्या एकट्यात ताकद न्हाई, जमादार," अण्णाराव म्हणाला. "तुम्ही नुसतं बाजूला उभे ऱ्हावा."

पाठवता कशाला, असं व्यंकटीनं विचारलं. अण्णाराव म्हणाला, सासरच्या घरी तिला कशी ठेवू, तिथंच तिच्या आईला मारलं. आणि माझ्या घरी शिल्पाची आई गेल्यापासून बाईमाणूस नाही, पोरीची वेणी कोण घालणार? सत्यम बाप आहे. चांगला आहे. त्या दिवसापासून नीट जेवलेला नाही.

सत्यम बियाणांच्या कंपनीत होता. कंपनीचं मोठं ऑफिस हैदराबादला. एरवी तो बसनं जायचा. त्या गुरुवारी सकाळी मात्र नांदेडहून विमानानं गेला होता आणि शुक्रवारचं परतीचं तिकीट काढलेलं होतं. परत आला तेव्हा अण्णाराव स्वतः त्याला घ्यायला विमानतळावर उभा होता.

"दारातून बाहेर आला अन् माझ्या गळ्यात पडला," अण्णाराव सांगत होता. "अंगात नवा सदरा. कॉलरीला कुंकवाचं बोट लावलेलं. ते कुंकू बघितलं अन् मी खालीच बसलो. म्हणलं, माझ्या लेकीचं कुंकू आता एवढंच ऱ्हायलं."

व्यंकटीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मग त्यानं विचारलं, सत्यमला कळवलं कधी?

"गुरुवारीच. सांजच्याला फोन लागला."

"मग गाडी करून रातोरात का निघाला न्हाई? पहाटेपर्यंत दारात आला असता."

"विमान होतं की दुसऱ्या दिवशी. तिकीट काढलेलं होतं."

अण्णारावला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. त्याला बसस्टँडवर सोडून व्यंकटी घरी आला आणि कडी न लावताच पलंगावर बसला. सुमनबाई गेली तेव्हा तो तिच्या उशाशी होता. पण असा फोन आपल्याला परगावी आला असता तर आपण काय केलं असतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. जे चाक पहिलं दिसलं असतं त्यावर तो चढला असता. बायको गेल्याचं कळलेला माणूस दुसऱ्या दिवसाच्या विमानाची वाट बघत का थांबला?

२

दुसऱ्या दिवशी व्यंकटी गुरुबसप्पाच्या दुकानात गेला. नांदेडात त्याचं विमानाची तिकिटं काढून द्यायचं दुकान होतं. सत्यमचं तिकीट त्यानंच काढलं होतं आणि पोलिसांनीही त्यालाच विचारलं होतं. आखाती देशांत कामाला जाणारी माणसं पाठवण्यात गुरुबसप्पाचे केस पांढरे झाले होते. विमानाबद्दल कुणी शंका घेतलेली त्याला आवडायची नाही.

व्यंकटीनं एकच विचारलं, सत्यम गुरुवारी गेलाच नसेल, असं होऊ शकतं का?

"जमादार, तुम्ही चोर धरले, मी विमानं धरली," गुरुबसप्पा म्हणाला. "जाणं-येणं एकाच नंबराचं तिकीट. जाताना माणूस बसला न्हाई, की येतानाचं तिकीट आपोआप मरतंय. दुबईची माणसं अशी अडकून बसलेली मी बघितलीत. सत्यम शुक्रवारी उतरला का न्हाई? उतरला. म्हंजे गुरुवारी चढला. हेच मी चाकूरच्या फौजदाराला सांगितलं."

पोलिसांनी विमानतळावर विचारलं ते शुक्रवारपुरतंच, हेही त्याच्या बोलण्यात आलं. उतरला का, तर उतरला. तिथंच ते थांबले.

तिकीट काढताना सत्यम काही वेगळं बोलला होता का, असं व्यंकटीनं विचारलं. गुरुबसप्पाला एक आठवलं. येतानाचं नंतर बघू, असं तोच सत्यमला म्हणाला होता, कारण ही स्वस्तातली कंपनी आणि दोन्ही एकदम काढून एक रुपया वाचत नव्हता. काम लांबलं असतं तर तिकीट वाया गेलं असतं. पण सत्यमनं हट्ट धरला. दोन्ही एकाच वेळी, एकाच नंबरावर हवं.

तिथून व्यंकटी लातूरला गेला. बजरंग तिथं तुरुंगात होता. जुन्या ओळखीमुळं थोडा वेळ भेट मिळाली. बजरंग जाळीपलीकडं उभा होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. त्या दुपारी तो शेताच्या पल्याडच्या तुकड्यात होता, डब्याची वाट बघत. डबा आला नाही म्हणून रागात तसाच काम करत राहिला. त्याला तिथं कुणी पाहिलं नव्हतं. भांडण कशावरून झालं, ते मात्र तो सांगेना.

"वहिनी सत्यमच्या नावानं कायबाय बोलली," एवढंच तो म्हणाला. "काय ते मी बोलणार न्हाई. मेलेल्या माणसाचा शब्द हाय, अन् भावाची इज्जत हाय."

"भावाच्या इज्जतीपायी फासावर जाशील?"

बजरंगनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "माझा भाऊ विमानात होता, काका. तो इथं असता, तर वहिनीला वाचवलं असतं की त्यानं."

बाहेर आल्यावर व्यंकटी भिंतीच्या सावलीत थांबला. बजरंगनं मारलं असतं, तर भांडणाचं कारण त्यानं सांगितलं असतं, निदान एखादं खोटं तरी. तो भावाला झाकत होता, आणि आपण काय झाकतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

३

सत्यमचं गाव चाकूरपासून आत. व्यंकटी शनिवारी दुपारी पोचला तेव्हा सत्यमची आई केवळाबाई ओसरीत एकटीच बसली होती. एक पोरगा तुरुंगात, सून गेलेली, नात परघरी. तिनं व्यंकटीला पाणी दिलं आणि विचारल्यावाचून बोलत सुटली. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं.

शिल्पाबद्दल ती वाईट बोलली नाही. बजरंगबद्दल बोलताना रडली. सत्यमचं नाव निघालं तेव्हा मात्र तिच्या तोंडावर थोडा उजेड आला. एवढा शिकलेला पोरगा, पण आईचा शब्द मोडत नाही, ती म्हणाली. व्यंकटीनं विचारलं, कोणता शब्द?

"गुरुवारी दक्षिणेला जाऊ नये बगा. दिशाशूल असतंय. अन् ह्येचं विमान नेमकं गुरुवारचं. मग म्या बुधवारीच प्रस्थान ठिवलं."

व्यंकटीला काही उमगलं नाही.

"तुमच्यात नसतंय का हे?"

"न्हाई. आमच्या बापानं छप्पन साली हे सगळं सोडलं."

मग केवळाबाईनं समजावून सांगितलं. जायचा दिवस वाईट असला, तर जाणाऱ्याचं एक गाठोडं आदल्या दिवशीच घराबाहेर काढायचं आणि शेजाऱ्याकडं ठेवायचं. म्हणजे माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी जाताना ते तिथून उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. एकदा बाहेर काढलेलं गाठोडं घरात परत आणायचं नाही. तिनं गाठोड्यात नारळ, सुपारी, मूठभर तांदूळ आणि नवा सदरा बांधला होता. सदऱ्याच्या कॉलरीला स्वतः कुंकवाचं बोट लावलं होतं. गाठोडं ठेवलं होतं गल्लीच्या टोकाला, पारूबाईच्या ओसरीत.

"मला वाटलं, हसंल अन् तसाच जाईल. पण शुक्रवारी आला तवा त्योच सदरा अंगात होता. एवढं माझं ऐकलं तेनं."

व्यंकटी उठला. त्याला पारूबाईला भेटायचं होतं.

पारूबाईचं घर शेवटचं. तिथून पुढं शेताची वाट आणि त्या वाटेवर आखाडा. ओसरीत एक कोनाडा होता. पारूबाई साठीची, एकटी राहणारी बाई. व्यंकटीनं गाठोड्याचं नाव काढताच तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन बसली. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बजरंग फासावर जाईल, असं त्यानं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

तिनं सांगितलं ते असं. गुरुवारी सकाळी सत्यम निघाला तेव्हा ती मागं गोठ्यात होती. पुढं आली तर गाठोडं कोनाड्यात तसंच. म्हणजे पोरगा न घेताच गेला. तिनं वाटेवर जाऊन बघितलं, तो लांब गेला होता. मग सकाळपासून ती तिथंच तूर पाखडत बसली आणि गाठोडं डोळ्यांपुढं होतं. दुपार टळून गेल्यावर ती मागं शेळीला पाणी दाखवायला गेली. परत आली तर कोनाडा रिकामा. तिला वाटलं, शिल्पा शेतातून येता येता घेऊन गेली असेल. आणि मग सांजेला शिल्पा विहिरीत सापडल्याची बोंब उठली.

"कुणाला बोलल्या का न्हाई?"

पारूबाईचा आवाज अगदी बारीक झाला. "प्रस्थानाचं गाठोडं घरात माघारी गेलं, की घरातलं माणूस जातंय म्हणत्यात. मला वाटलं, शिल्पानं ते घरात नेलं अन् तीच गेली. म्या पळत जाऊन तेच्या हातात दिलं असतं, तर पोर वाचली असती. केवळाबाईला कळलं तर मला उभी जाळील ती."

तिला खरोखर असं वाटत होतं की शिल्पाला तिनं मारलं. व्यंकटीनं तिला सांगितलं की तसं नाही. ती ऐकत होती, पण तिला ते पटलं नाही.

परतीच्या बसमध्ये व्यंकटीनं सगळं एकापुढं एक मांडलं. विमान सकाळी नांदेडहून उडालं. त्या वेळी कुंकवाचं बोट लावलेला सदरा पारूबाईच्या कोनाड्यात होता. दुपारनंतरही होता. दुसऱ्या दिवशी तोच सदरा सत्यमच्या अंगात, नांदेडच्या विमानतळाच्या दारातून बाहेर आला. सदरा काही आपल्या पायांनी हैदराबादला गेला नव्हता. तो नेणारा माणूस गुरुवारी दुपारी गावात होता. आखाड्याकडून येणारा माणूस पहिल्यांदा पारूबाईच्याच ओसरीपुढून जातो.

म्हणजे सत्यम विमानात चढला नव्हता. पण तो विमानातून उतरला होता, हे अण्णारावनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि गुरुबसप्पा सांगत होता की चढल्याशिवाय उतरता येत नाही. व्यंकटी तिथंच अडला. जो गेलाच नाही, तो परत कसा आला?

आणि रविवार उद्यावर आला होता.

४

घरी विशाखा आली होती. ती त्याची मुलगी, नांदेडातच जिल्हा परिषदेत नोकरीला. शनिवारी ती वडिलांकडं भाजी-भाकरी करून ठेवायला यायची. ती स्वयंपाक करत होती आणि व्यंकटी दारात खुर्ची टाकून बसला होता. विमानाचा विचार करता करता त्याला स्वतःचं विमान आठवलं.

सुमनबाईला हैदराबादच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा रस्त्याचे हादरे सोसणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून विशाखानं तिघांची विमानाची तिकिटं काढली होती, जाण्याची आणि येण्याची. सुमनबाई विमानात बसायचं म्हणून आदल्या दिवशी लाजत हसली होती. पण निघायच्या सकाळी तिला उठवेना. विमान चुकलं. दुसऱ्या दिवशी अॅम्ब्युलन्सनंच न्यावं लागलं. ती तिथून जिवंत परत आली नाही.

त्या दिवसाबद्दल बाप-लेक कधी बोलले नव्हते. व्यंकटी आज पहिल्यांदा बोलला.

"विशाखा, तुझी आई गेली तेव्हा मी अॅम्ब्युलन्समध्ये तिच्यासंगं आलो. तू माझ्याआधी घरी होतीस. तू कशी आलीस?"

विशाखानं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "विमानानं. घर उघडायचं होतं, माणसांना सांगायचं होतं."

"तिकीट?"

"होतं की आपलं. परतीचं. त्याच दिवशीचं होतं ते."

"पण जातानाचं आपण चुकवलं होतं."

"मलाही वाटलं होतं, आता हे गेलं. तरी काउंटरवर विचारलं. ती मुलगी म्हणाली, मोठ्या कंपन्यांत पहिलं चुकलं की पुढचं रद्द होतं. आमच्यात नाही. नंबर एक असला तरी जाणं वेगळं तिकीट, येणं वेगळं. एक सोडलं तर दुसरं तसंच राहतं." ती थांबली. "तिनं तिघांचे बोर्डिंग पास काढून दिले, पप्पा."

"तिघांचे?"

"तिला काय माहीत."

व्यंकटीनं मान खाली घातली. विशाखा येऊन त्याच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकवून उभी राहिली. मग व्यंकटीनं विचारलं, आपलं विमान कोणत्या कंपनीचं होतं? तिनं नाव सांगितलं. सत्यमचंही त्याच कंपनीचं होतं.

गुरुबसप्पा खोटं बोलला नव्हता. दुबईच्या मोठ्या विमानांचा नियम त्यानं नांदेडच्या छोट्या विमानाला लावला होता. सत्यमला मात्र हा नियम इथं लागत नाही, हे ठाऊक होतं. म्हणून तर पैसे वाचत नसतानाही त्यानं दोन्ही तिकिटं एकाच नंबरावर मागितली. परतताना दिसलो की गेलोही होतो, असं लोकांनी आपणहून धरावं, यासाठी. आणि म्हणूनच शिल्पाची बातमी कळल्यावर तो गाडी करून आला नाही. त्याला त्या विमानातूनच उतरायचं होतं.

व्यंकटीनं चाकूरच्या फौजदाराला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फौजदार आधी कंटाळून ऐकत होता, मग त्याचा आवाज बदलला. कंपनीला गुरुवारचं विचारा, शुक्रवारचं नको, व्यंकटी म्हणाला. फौजदारानं उद्या सकाळी विमानतळावर माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. उत्तर येईपर्यंत सत्यमला धरता येणार नाही, हेही सांगितलं.

"तोवर पोरगी गाडीत बसलेली असंल," व्यंकटी म्हणाला.

"मग तेवढं तुम्ही बघा, जमादार."

५

रविवारी व्यंकटी रेणापूरला पोचला तेव्हा गाडी दारात उभी होती. केवळाबाई नातीला निरोप द्यायला सत्यमबरोबर आली होती. रेणुका नवा फ्रॉक घालून पायरीवर बसली होती, शेजारी कपड्यांची बॅग. अण्णाराव तिच्या चपलेचा पट्टा लावत होता आणि तो त्याला लागत नव्हता.

सत्यम नम्र होता. व्यंकटीच्या पाया पडला. उन्हाच्या आत निघायला हवं, म्हणाला.

व्यंकटी त्याच्याशी घाई न करता बोलत राहिला. नोकरी, हैदराबादचं घर, पोरीची शाळा. मग म्हणाला की काल तुमच्या गावी गेलो होतो, तुमच्या आईनं प्रस्थानाचं सांगितलं, मला ते ठाऊकच नव्हतं. गाठोडं नेमकं कसं उचलायचं असतं?

सत्यम किंचित हसला. "आईचं मन राखायला करायचं, काका. सकाळी जाता जाता पारूकाकूंकडं थांबलो. त्यांनी स्वतः हातात दिलं."

"हातात दिलं?"

"हो. तसंच असतं ते."

केवळाबाईनं समाधानानं मान हलवली. व्यंकटीनं अण्णारावकडं बघितलं आणि मग सरळ बोलायला सुरुवात केली. पारूबाईनं काय पाहिलं ते सांगितलं. सदरा दुपारनंतरपर्यंत कोनाड्यात होता आणि विमान तर सकाळीच उडालं होतं, ते सांगितलं. आवाज चढवला नाही.

सत्यमही चिडला नाही. पारूकाकू म्हातारी आहे, तिला बुधवार-गुरुवार कळत नाही, असं तो म्हणाला. "आणि मी गेलोच नाही, तर विमानातून उतरलो कसा? मामांनी पाहिलंय मला. विचारा त्यांना."

अण्णारावच्या हातातला चपलेचा पट्टा सुटला. "मी पाहिलंय, जमादार," तो म्हणाला. ते खरं नसावं, असं त्याला वाटत होतं की ते खरं असावं, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"तुम्ही येताना पाहिलंत," व्यंकटी म्हणाला. "जाताना कुणीच पाहिलं न्हाई. माझी सुमन त्याच विमानानं जायची होती. गेली न्हाई. तरी तिच्या परतीच्या जागेचा पास निघाला, ती मेल्यावर. माझ्या पोरीच्या हातात दिला त्यांनी. एक बाजू सोडली तरी दुसरी बाजू मोडत न्हाई त्या कंपनीत. हे मला काल कळलं. सत्यमला आधीच ठाऊक होतं."

सत्यमनं बॅग उचलली आणि रेणुकाला म्हणाला, चल बेटा. रेणुका उठली. बापानं बोलावलं म्हणून ती उठली, एवढंच. पण अण्णारावनं तिचं मनगट धरलं. सत्यम म्हणाला, सोडा मामा. अण्णारावनं सोडलं नाही. पोरगी दोघांच्या मध्ये उभी होती आणि एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती.

व्यंकटी गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, मग काय समजायचं ते समजून लांब जाऊन बसला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. फोन वाजला. फौजदार होता. व्यंकटीनं ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला.

"गुरुवारी तुमची जागा रिकामी गेली, सत्यम. जीप निघाली आहे."

सत्यम काही बोलायला गेला. त्याआधी केवळाबाई पुढं आली. इतका वेळ ती भिंतीशी उभी होती.

"सदरा कुठून घेतलास रे?" तिनं विचारलं.

सत्यमनं बॅग खाली ठेवली. आईकडं त्यानं बघितलं नाही.

६

पुढचं त्यानं ठाण्यात सांगितलं. हैदराबादला त्याचं दुसरं घर होतं, दुसरी बाई होती. तिला मूल होत नव्हतं. शिल्पाला ते कळलं होतं आणि शुक्रवारी रेणापूरला जाऊन वडिलांना सांगते, असं ती आठवडाभर म्हणत होती. गुरुवारी सकाळी, सत्यम निघून गेल्यावर, ती बजरंगशी बोलली, निदान त्यानं तरी भावाला विचारावं म्हणून. बजरंगनं उलट तिलाच झापलं. सत्यम लातूरला गेला, ओळखीच्या टपरीवर बॅग ठेवली आणि शेतांतून परत आला. मागं एकदा त्याचं जातानाचं विमान चुकलं होतं, तेव्हाच त्याला परतीचं चालतं हे कळलं होतं. सगळं त्यानं ठरवून आणलं होतं. फक्त मरता मरता शिल्पानं त्याचा शर्ट खिशापासून फाडला, हे ठरलेलं नव्हतं. फाटक्या, रक्ताच्या शर्टानं हैदराबादला जायच्या बसमध्ये चढता येईना, आणि बदलायचे कपडे लातूरला ठेवलेल्या बॅगेत होते. तेव्हा त्याला पारूबाईच्या ओसरीतलं गाठोडं आठवलं. गाठोडं सकाळीच नेलं असंच आई धरणार, म्हणून उलट बरंच झालं, असं त्याला वाटलं होतं.

बजरंग सुटून आला. व्यंकटी त्याला न्यायला लातूरला गेला होता. बजरंगनं वाटेत एकच गोष्ट विचारली, वहिनी त्या सकाळी खरं बोलली होती का? व्यंकटीनं हो म्हटलं.

पण हे नंतरचं. त्या रविवारी जीप गेल्यावर केवळाबाई तिच्यामागं चालत निघाली. गावातल्या कुणीतरी तिला आपल्या गाडीवर बसवून नेलं. दारात तिघंच उरले, अण्णाराव, व्यंकटी आणि रेणुका.

अण्णारावनं बॅग आत नेली, उघडली, आणि पोरीचे कपडे एकेक करून ट्रंकेत ठेवायला लागला. एक फ्रॉक त्यानं तीनदा घडी केला आणि तीनदा मोडला. व्यंकटीनं तो त्याच्या हातातून घेतला आणि घडी करून ट्रंकेत ठेवला.

"मी तिला माझ्या हातानं देत होतो," अण्णाराव म्हणाला. "चप्पल घालून देत होतो."

व्यंकटीनं बॅगेतला पुढचा फ्रॉक उचलला.

रेणुका दारात येऊन उभी होती. तिनं ट्रंकेकडं बघितलं, मग आजोबांकडं.

"जायचं न्हाई का?"

"न्हाई."

"उद्या?"

"उद्या पण न्हाई. इथंच ऱ्हायचं आता. शाळेत नाव घालू तुझं."

तिनं थोडा विचार केला. पप्पा कुठं गेले, हे ती विचारेल असं दोघांनाही वाटलं आणि दोघंही मनातून घाबरले. तिनं ते विचारलं नाही. बॅगेच्या तळाशी फडक्यात बांधलेले धपाटे होते, शेजारणीनं प्रवासासाठी करून दिलेले. ते तिनं बाहेर काढले.

"मग हे आत्ताच खाऊ का?"

अण्णारावनं मान हलवली. ती उंबऱ्यावर बसली, फडकं सोडलं, एक धपाटा मोडून आजोबांना दिला, एक जमादारआजोबांना. व्यंकटीला भूक नव्हती. तरी त्यानं तो खाल्ला.